सांगितलेली गाडी

धाराशिवला नानांच्या ऑफिससमोर गाडी थांबली, की नाना खुर्चीतून उठून बाहेर यायचे आणि चाकाशी उकिडवे बसायचे. गाडीतून उतरलेला माणूस हात जोडून उभा असायचा. कधी तो मोठा बागायतदार असायचा, कधी कुणाचा नवा जावई. नानांचं तिकडे लक्षच नसायचं. पायजमा वर ओढून, चष्मा कपाळावर चढवून ते पुढच्या डाव्या चाकापासून सुरुवात करायचे आणि गाडीला पुरती प्रदक्षिणा घालायचे. टायरवरून हात फिरवायचे, रिमवर बोटानं टकटक करायचे, चाक मडगार्डच्या बाहेर तर येत नाही ना, हे तळहात उभा धरून बघायचे. मग गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत उठायचे आणि तेव्हा कुठे त्या माणसाच्या तोंडाकडे बघायचे.

"हं, आता बोला. कसं काय येणं केलं?"

मी त्यांच्याकडे कॉम्प्युटरवर काम करायचे. सकाळी माझ्या गावाहून, तेरहून, यष्टीनं यायचं आणि संध्याकाळी यष्टीनं परत जायचं. नाना गाड्यांच्या विम्याचे एजंट. बाकीचे एजंट गिऱ्हाइकाच्या मागे लागतात, इथे गिऱ्हाईकच नानांना चुकवायचं. नवी रुंद चाकं बसवलेल्या पोरांना बाजारात समोरून नाना येताना दिसले, की ती गाडी भलत्याच गल्लीत घालायची. कारण नाना भर रस्त्यात हात आडवा करून गाडी थांबवायचे आणि खिडकीतून विचारायचे, "चाकं बदललीस न्हवं? सांगितलंस का कंपनीला?"

या सवयीबद्दल काकूंचं, म्हणजे नानांच्या बायकोचं, स्वतंत्र मत होतं. ऑफिस म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली, त्यामुळे चहा घेऊन काकू आल्या की गिऱ्हाइकांसमोरच सुरू व्हायच्या. "मला बघायला आले हुते ना, तवा बी असंच. घरातली सगळी माझ्या तोंडाकडं बगायलेत, आन हे खाली मान घालून माझ्या पायाकडं. माझ्या बापाला वाटलं, पोरगं लई लाजाळू हाय." यावर नाना गंभीरपणे म्हणायचे, "पाय बघितले म्हणून तर फसलो न्हाय." काकू मग चहाचा कप जरा जोरात ठेवायच्या, पण हसायच्या.

मला सुरुवातीला या माणसाचा वैताग यायचा. चाक म्हणजे चाक, त्यात एवढं काय? मी एकदा तसं विचारलंही. नानांनी मला समोर बसवलं आणि जे सांगितलं, ते मी आजवर कितीतरी जणांना त्यांच्याच शब्दांत सांगितलंय. "पोरी, आपल्याला वाटतं कंपनी आपल्या गाडीचा विमा उतरवती. तसं नसतंय. कंपनी आपण सांगितलेल्या गाडीचा विमा उतरवती. सांगितलेली गाडी एक आन रस्त्यावरची गाडी दुसरीच, असं झालं की मग भांडायला तोंड उरत न्हाय."

याचं उदाहरण ऑफिसच्या गल्लीतच होतं. एका डॉक्टरांनी सोलापूरहून झगझगीत अलॉय चाकं बसवून आणली. नाना त्यांना भेटले, पुन्हा भेटले, दवाखान्यात पेशंटच्या रांगेत बसूनसुद्धा भेटले. डॉक्टरांचं उत्तर एकच, चाकाचं काय कळवायचं? एका सकाळी डॉक्टरांच्या दारात गाडी विटांवर उभी होती, चाकं चोरीला. कंपनीनं विचारलं, गेलेली चाकं कशी होती? डॉक्टरांनी अगदी हौसेनं वर्णन केलं. त्यावर कंपनीनं कळवलं, की असल्या चाकांची गाडी आमच्याकडे नाहीच. डॉक्टर तरातरा ऑफिसात आले आणि नानांवर ओरडले. नानांनी त्यांना पाणी दिलं. "मी ओरडत होतो तवा तुमी हसत हुता. आता तुमी ओरडायलाव, पर मला काय हसू येत न्हाय बगा," एवढंच म्हणाले.

लग्नातही त्यांचं असंच. नवरदेवाला सासऱ्यानं गाडी दिलेली असली, की अक्षता पडल्याबरोबर नाना मांडवाबाहेर. पंगत बसली तरी नानांचा पत्ता नाही, म्हणून काकू मला शोधायला पाठवायच्या. नाना गाडीखाली वाकलेले, डोक्यावर अक्षता तशाच. एकदा वराकडच्यांनी त्यांना चाकातली हवा सोडायला आलेला चावट माणूस समजून चांगलंच धरलं होतं.

आणि गंमत म्हणजे हा माणूस स्वतः कधी मोटारीत बसायचा नाही. जायचं तिथे यष्टीनं, नाहीतर पायी. यष्टीतही मागच्या चाकावरची सीट, जी कुणाला नको असते ती. कुणी गाडीतून सोडतो म्हणालं, की नानांचं उत्तर ठरलेलं. "ज्या गाडीची चाकं मला ठाऊक न्हाईत, तिच्यात मी बसत न्हाय. आन ज्यांची ठाऊक हायत, त्यात तर मुळीच न्हाय." काकूंना मात्र मोटारीत बसायची फार हौस. माझी आई दोघांना तेरला जेवायला बोलवून बोलवून थकली. काकू म्हणायच्या, "यष्टीतनं मी काय यायची न्हाय, मला मळमळतं." आणि नाना म्हणायचे, "मोटारीतनं मी येत न्हाय." त्यामुळे ते जेवण राहून गेलं होतं.

आमच्या घरची गाडी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची. दादा ती भाड्यानं चालवायचा. सोलापूरच्या दवाखान्यात पेशंट न्यायचे, तुळजापूरला दर्शनाला माणसं न्यायची, लग्नाचं वऱ्हाड न्यायचं. शेत होतं, पण ते बैलांच्या पोटापुरतं. घर चालायचं ते गाडीवर. कारखाना सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या आमच्याकडच्या रस्त्यांची पार वाट लावतात, गाडीचं पोट खाली घासायला लागतं. म्हणून दादानं एक माप मोठी चाकं बसवली, असं तो सगळ्यांना सांगायचा. त्या अलॉय चाकांत तोंड दिसायचं, ही गोष्ट वेगळी.

एक दिवस माझी यष्टी चुकली म्हणून दादा मला ऑफिसला सोडायला आला आणि व्हायचं तेच झालं. नाना बाहेर आले आणि उकिडवे बसले.

"किती माप वाढवलंस?"

"थोडंसंच की, नाना."

"मग थोडंसंच सांगू कंपनीला."

दादा तेव्हा फोनवर कुणाचं तरी भाडं ठरवत होता. कानाला फोन लावूनच त्यानं बॉनेटवर कागद ठेवून सही केली आणि गेला. चाकं मडगार्डच्या आत होती, कुठे घासत नव्हती. कंपनीनं हप्ता थोडा वाढवला आणि पॉलिसीवर नव्या चाकांची नोंद करून दिली. ते काम मीच केलं होतं. घरी सांगितलंही होतं, पण दादानं किंवा आणखी कुणी ते ऐकलं असेल असं मला आता वाटत नाही.

जुनी चाकं घरी आली. आमच्या बप्पांना, म्हणजे वडिलांना, काही टाकवत नाही. बैलगाडीला टायरची चाकं लावायची त्यांची जुनी हौस होती. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून त्यांनी तसा आस करून घेतला आणि मोटारीची दोन चाकं बैलगाडीला गेली. उरलेली दोन गोठ्यामागे पडली. त्यातल्या एकावर आईनं कोंबड्यांचं खुराडं मांडलं.

पुढे ऐन गाळपाच्या दिवसांत, ढोकीच्या जवळ, दादासमोर एक उसानं भरलेली ट्रॉली अचानक मागे यायला लागली. तिला चुकवताना दादाची गाडी रस्ता सोडून बाभळीवर गेली. गाडीत दुसरं कुणी नव्हतं, हे नशीब. दादाच्या कपाळाला टाके पडले, पण गाडीचं तोंड पार आत गेलं आणि पुढचं एक अलॉय चाक चिरलं. गाडी ओढून आमच्या दारात आणून ठेवली. विम्याचे पैसे मिळाले तर गाडी उभी राहणार होती, नाहीतर दादाला दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून जावं लागणार होतं. रात्री घरात कुणी जेवलं नाही.

सकाळी ऑफिसला निघताना मी दादाला बजावलं, "मी नानांना सांगून कंपनीला कळवते. गाडीला कुणी हात लावू नका." नानांनी कळवलं, आणि दुपारी सर्वेअर, म्हणजे नुकसान बघायला येणारा कंपनीचा माणूस, येणार असं ठरलं. मला जरा हायसं वाटलं. तेवढ्यात आईचा फोन आला. आवाज एकदम खुशीत.

"तू काय बी काळजी करू नगं बग. सायेब यायच्या आदीच चाकं बदलून घेतलीत."

"कुठली चाकं?"

"आगं गाडीची! मोठी चाकं बघितली की पैशे देत न्हाईत म्हणं. गल्लीतली समदी पोरं म्हणाली. मग तुज्या दादानं बैलगाडीची काढून हिला बसवली. खुराड्याखालचं बी काढलं. आता कुनाला काय कळायचं न्हाय."

मी काही सांगायच्या आत तिनं फोन ठेवला. मी नानांना सांगितलं. नानांच्या हातातला चहा तसाच राहिला. मग हळू आवाजात म्हणाले, "आपण खरं सांगून ठेवलं हुतं. आता सायेब बारकी चाकं बघंल आन म्हणंल, ह्यांनी काहीतरी लपवलंय. खरं बोललेलं खोटं पडायची पाळी आली की गं, पोरी."

दादाला फोन लावला तर तो "नाना, समदं ओके हाय, तुमी निवांत रहा" एवढं म्हणाला आणि रेंज गेली. मी म्हटलं, डॉक्टरांची गाडी मागू, पटकन पोहोचू. तसल्या घाईतही नानांनी मान हलवली आणि छत्री काखेत मारून स्टँडकडे चालू लागले. यष्टीत ते आपल्या चाकावरच्या सीटवर बसले. सगळ्या रस्त्यानं बोटांनी समोरच्या दांडीवर टकटक करत होते.

तेरला उतरून आम्ही घराकडे चाललो, तर समोरून बैलगाडी आली. गाडीत उसाचं वाढं रचलेलं, वर बप्पा बसलेले, आणि खाली उन्हात लखलखणारी दोन अलॉय चाकं. जनावरांना वैरण तर हवीच होती. जुनी चाकं मोटारीला गेल्यावर बैलगाडी दगडांवर किती वेळ ठेवायची, असा विचार करून बप्पांनी मोटारीची चाकं तिला लावून टाकली होती. नटांची भोकं जुळत होतीच. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

नाना रस्त्याच्या मधोमध थांबले. बैलं थांबली. आणि नाना सवयीनं खाली बसले.

"कोण वो तुमी? बाजूला व्हा की," बप्पा वरून म्हणाले. त्यांनी नानांना कधी पाहिलेलं नव्हतं.

"चाकं बघायलोय."

"बघा, बघा. लई हलकी चालायलीत. बैलं बी खूश हायत."

"आवं, ही चाकं विम्यातली हायत!"

"आमच्या पोराची हायत," बप्पा म्हणाले. मग त्यांना मी दिसले, आणि हे कोण ते त्यांच्या लक्षात आलं. ते गडबडीनं खाली उतरायला लागले. नानांनी हातानंच थांबवलं. "उतरू नका. गाडी हाय तशीच दाराकडं घ्या. आता काय बी सोडायचं न्हाय आन बांधायचं न्हाय."

आम्ही दारात पोहोचलो आणि मागोमाग सर्वेअरची मोटारसायकल आली. तरुण होता, फार बोलणारा दिसत नव्हता. अलॉय चाकांवर बैलगाडी अंगणात आलेली बघून दादाचा चेहरा उतरला. "बप्पा, तिकडं मागं न्या, मागं!" तो दातओठ खात पुटपुटला. आईला काय सुचलं कोण जाणे, तिनं घरातून वाकळ आणली आणि बैलगाडीच्या एका चाकावर टाकली. सर्वेअर वाकळीकडे बघत राहिला. मग तो मोटारीकडे गेला, वाकला, आणि त्यानं पहिलाच प्रश्न विचारला.

"गाडीच्या चाकांना शेण कसं काय लागलंय?"

दादा माझ्याकडे बघतोय, मी नानांकडे बघतेय. नाना पुढे झाले. सर्वेअरनं कागदावर एक वाकडी ओळ लिहिली असती, तर आमची गाडी गेलीच असती, नानांचं नावही गेलं असतं.

"साहेब, मी ह्या पॉलिसीचा एजंट," ते म्हणाले. "ही पोरगी माझ्याकडं कामाला, आन हे तिचं घर. तेवढं सगळं धरून मग आमचं ऐका." मग बैलगाडीपाशी गेले, वाकळ उचलून आईच्या हातात दिली आणि दादाला म्हणाले, "आता तू सांग."

"नाना, सांगितलं तर पैसे जातील."

"सांगितलं तर कदाचित जातील. न्हाय सांगितलं तर हमखास. आन लेका, ती चाकं आपण कवाच कंपनीला कळवलीत. तुझ्याच बॉनेटवर तूच सही केलीस."

दादाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग त्यानं सगळं सांगितलं, खुराड्यापासून वाकळीपर्यंत. सांगताना त्याचे डोळे भरून आले. शेवटी सर्वेअरनं विचारलं, "तिसरं अलॉय तिथं भिंतीला आहे. चौथं कुठंय?" चौथं, चिरलेलं, कडब्याच्या गंजीत लपवलं होतं. दादानं ते ओढून काढलं. सर्वेअरनं चाकाची चीर आणि गाडीची दबलेली बाजू जुळवून बघितली, चाकांची मापं पॉलिसीशी ताडून बघितली, सगळ्याचे फोटो घेतले. बैलगाडीचेही घेतले. एका फोटोसाठी बप्पांना जरा सरकायला सांगितलं, तर बप्पांनी टोपी सारखी केली आणि बैलाच्या वशिंडावर हात ठेवून ताठ उभे राहिले.

"मी बघितलं ते लिहीन," सर्वेअर जाताना म्हणाला. "निर्णय कंपनी घेईल. तोवर एकही चाक हलवायचं नाही." एवढं बोलून त्यानं मोटारसायकल चालू केली. गल्लीच्या वळणावर तो क्षणभर थांबला, तेव्हा मागून त्याचे खांदे हलताना मला दिसले. पण हसणारा माणूस मंजुरी देतोच असं नाही, म्हणून मी ते कुणाला सांगितलं नाही.

आईनं ताट वाढायला घेतलं. नाना पाणी पिऊन उठले. "मंजूर झालं की जेवतो, वहिनी. आता घशाखाली उतरायचं न्हाय."

पुढचे दिवस वाईट गेले. चाक हलवायचं नाही म्हणजे नाही, म्हणून बप्पा बैलगाडी दारात उभी ठेवून वैरण डोक्यावर आणायचे आणि गल्लीतल्या सल्लागार पोरांना रोज नवी शिवी घालायचे. गावातली माणसं मुद्दाम वाट वाकडी करून आमची बैलगाडी बघून जायची. दादा ओट्यावर बसून असायचा. ऑफिसमध्ये नाना गाडी आली की बाहेर यायचे, पण उकिडवे बसायचे नाहीत, नुसते उभे राहायचे. त्यांना तसं बघणं मला जास्त जड गेलं. या माणसाच्या ज्या सवयीला आम्ही सगळे हसलो, तिच्यावरच माझं घर टेकलेलं होतं.

आणि मग एका दुपारी कॉम्प्युटरवर कंपनीचा निरोप आला. मी तो वाचला, आणि खात्री करायला पुन्हा वाचला.

"नाना, मंजूर."

"चाकांसकट?"

"चाकांसकट."

नाना ऑफिसच्या उंबऱ्यावरच बसले. चष्मा काढून शर्टाला पुसत राहिले. पुसून झाला तरी पुसतच होते. मला रडू फुटलं आणि इतकं मोकळं वाटलं, की मी रडता रडता हसायला लागले. काकू आतून धावत आल्या, काय झालं ते कळल्यावर त्यांनीही डोळ्याला पदर लावला आणि नानांना म्हणाल्या, "आता तरी कुणाच्या तोंडाकडं बगा!"

आता माझं स्वतःचं ऑफिस आहे. गाडी आली की मीही बाहेर येते आणि वाकते. साडीत उकिडवं बसणं अवघड जातं, पण बसते. पोरं मला चुकवायला गल्लीत गाडी घालतात, तेव्हा नानांची आठवण येऊन बरं वाटतं.

पण तेव्हाचं अजून थोडं सांगायचं राहिलं. गाडी दुरुस्त होऊन आली, त्या दिवशी दादा ती घेऊन थेट नानांच्या दारात आला. आईचा निरोप होता, दोघांना घेऊनच ये. नाना बाहेर आले, उकिडवे बसले. किती दिवसांनी! पुढचं डावं चाक, मागचं डावं, मग पलीकडची दोन्ही. कण्हत उठले. दादानं पुढचं दार उघडून धरलं होतं, पण बोलायची हिंमत त्याला होत नव्हती. काकू मात्र कुणाला न विचारता मागच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या, नवी साडी नेसून, मांडीवर पर्स घेऊन.

नानांनी काकूंकडे बघितलं. मग चाकांकडे. मग आयुष्यात पहिल्यांदा ते पुढच्या सीटवर बसले आणि पट्टा दोनदा ओढून बघितला. "हळू घे रं," एवढंच म्हणाले.

गाव सुटेपर्यंत त्यांनी वरची कडी घट्ट धरली होती. मी काकूंशेजारी बसून मागून बघत होते. हळूहळू बोटं सैल झाली, हात मांडीवर आला, मान एका बाजूला कलली. मला क्षणभर धस्स झालं. पण काकूंनी पुढे वाकून बघितलं आणि माझ्या हातावर हात ठेवला. नाना झोपले होते. तोंड उघडं, चष्मा कपाळावर, एका लयीत घोरत होते. दादानं गाडी आणखी हळू केली आणि सगळे खड्डे वळसे घालून चुकवत तो तेरला आला.

दारात आई ओवाळायला ताट घेऊन उभी होती. दादानं ओठांवर बोट ठेवलं आणि इंजिन बंद केलं. आईनं काचेतून आत बघितलं, मग ताट ओट्यावर ठेवलं.

"झोपू दे," ती हळूच म्हणाली. "उठल्यावर गरम भाकरी टाकते."